कोच काय म्हणाला

गुरुवारी संध्याकाळी ओमानमधल्या अल अमेरातच्या हॉलमध्ये सराव चालू असताना कोच कोर्टवर खाली बसला. इक्बालभाई गोल सोडून त्याच्याकडे गेले. कोच एक शब्द बोलला. त्यानंतर बोलला नाही. त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी कोच गेल्याचं सांगितलं.

तो शब्द फक्त इक्बालभाईंनी ऐकला. मी वर बाकावर पुस्तक घेऊन बसलो होतो. मला ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज आटोपून इक्बालभाई दार्सैतला माझ्या घरी आले. चपला दाराबाहेर काढून बराच वेळ तिथेच उभे राहिले. आत आल्यावर पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "सर, कोचसाहेब कलमा बोलून गेले."

कोचला ओळखणाऱ्या कुणीही हे ऐकलं असतं तर तो बुचकळ्यात पडला असता, कारण हा शब्द तो दिवसभर बोलत असे. त्याच्या पोर्तुगीज भाषेत 'कल्मा' म्हणजे शांत हो, सावकाश घे. मुसलमान माणसाच्या तोंडी 'कलमा' म्हणजे श्रद्धेची साक्ष, जी मरणाऱ्या माणसाच्या ओठांवर असावी अशी त्याच्या घरच्यांची इच्छा असते. कागदावर मी हे दोन शब्द वेगळे लिहू शकतो. कानाला ते एकच आहेत.

माझ्या मनातलं इक्बालभाईंनी ओळखलं. "ता मना म्हायत नाय काय, सर? पण खेळात बोलायचे तेव्हा कोचसाहेब हात असा खाली दाबायचे. काल त्यांचा हात माझ्या हातात होता. मग मी काय समजू?" पेला त्यांनी मेजावर ठेवला. "मी आयकून गप रायलो न त्यांना दुसऱ्यांच्यात पुरला, तर वर मना जाब द्यावा लागेल. न बोललो, आणि ते तसे बोललेच नसतील, तर मेलेल्या माणसावर खोटा बोललो. तुमी त्यांची भाषा वाचता. तुमीच सांगा."

मला सांगता येईना. तुम्हाला सांगता येतं का बघा, पण त्यासाठी आधी हा माणूस कसा होता ते सांगायला हवं.

तो ब्राझीलचा होता. एवढं म्हटलं की समोरचा समुद्रकिनारा आणि नाचगाणं यांविषयी विचारू लागे आणि कोचचा चेहरा पडे. "आमच्या गावात गाई आहेत आणि वारा आहे," तो म्हणे. त्याचं गाव ब्राझीलच्या अगदी दक्षिण टोकाला, उरुग्वेच्या सरहद्दीजवळ. हिवाळ्यात तिथे गवतावर पांढरं दव गोठतं. समुद्र त्याने पाहिला तेव्हा मिसरूड फुटलं होतं, आणि तो त्याला फारसा आवडला नाही. "फार मोठं मैदान. कडाच नाही. खेळणार कसं?"

त्याला कडा असलेलं मैदान लागे. त्याचा खेळ फुटसाल, म्हणजे छपराखालचा फुटबॉल. एका बाजूला पाच जण, चेंडू लहान आणि जड, फारसा न उसळणारा. शाळेमागच्या सिमेंटच्या चौकोनात तो हे शिकला आणि मग त्याच जोरावर देशोदेशी गेला. स्पेनमधलं एक छोटं गाव, मग इटली, मग कझाकस्तान. "कझाकस्तान कसं आहे?" मी विचारलं होतं. तो खरोखर विचारात पडला. "लाकडी फरशी चांगली होती," म्हणाला. चार हिवाळे तिथे काढून त्याने घर, बस आणि हॉल याखेरीज काही पाहिलं नव्हतं.

तो मागे खेळायचा, गोलकीपरच्या पुढ्यात. या जागेला ते लोक 'फिक्सो' म्हणतात, एका ठिकाणी ठाम उभा राहणारा. त्याचं नाव पेपरात क्वचितच आलं, कारण गोल दुसरे करीत. एकदा मात्र देशाच्या संघाच्या शिबिरासाठी त्याला बोलावणं आलं. शिबिराच्या शेवटी तिथल्या प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तू असा खेळतोस की जणू भरपूर वेळ आहे." कोच त्या रात्री आनंदाने झोपला. सकाळी यादीत नाव नव्हतं, तेव्हा त्याला कळलं की ती स्तुती नव्हती.

हे तो स्वतःच सांगे, हसत.

पुढे गुडघा गेला आणि तो प्रशिक्षक झाला. आधी कुवेत, मग ओमान. इथल्या पहिल्या नोकरीत तो इब्राच्या एका क्लबात होता. इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांनी तिकडे जायचं नसतं. हे ठाऊक नसल्यामुळे कोच संत्री घ्यायला सरळ आत शिरला. बुरख्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने जागेवरून न उठता हात आडवा केला आणि म्हणाली, "खलास." तो डावीकडून जाऊ लागला तर तिची काठी डावीकडे, उजवीकडे गेला तर काठी उजवीकडे. "प्रोफेसोर," तो मला म्हणाला, "असा फिक्सो मी अख्ख्या युरोपात पाहिला नाही."

प्रोफेसोर म्हणजे मी. मी प्राध्यापक नाही, इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. त्यांच्याकडे खेळाडू प्रशिक्षकालाच प्रोफेसोर म्हणतात, म्हणून मी त्याला प्रोफेसोर म्हणू लागलो, आणि त्याने ते मला परत केलं. इब्राच्या क्लबाने आपला संघ मोडल्यावर त्याला अल अमेरातच्या एका अकादमीत मुलांना शिकवायचं काम मिळालं आणि तो दार्सैतला आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आला. एका दुपारी जिन्यात खिसे चाचपत "शावे, शावे" असं पुटपुटत उभा होता. मी उमेदीची वर्षं पणजीत जुनी पोर्तुगीज दफ्तरं वाचण्यात घालवली आहेत. मी त्याला पोर्तुगीजमधून म्हणालो, की महोदयांची चावी हरवलेली दिसते. तो माझ्याकडे पाहतच राहिला आणि मग पायरीवर बसून हसू लागला. "तू मेलेल्या बिशपसारखा बोलतोस!"

आमची मैत्री अशी शब्दांवरून झाली. त्याची 'शावे' ती आमची चावी. त्याची 'बालदे' ती बालदी, त्याची 'फीता' ती फीत, त्याची 'मेझा' ते मेज. एखादा शब्द सापडला की तो वरच्या मजल्यावरून जिन्यात वाकून ओरडे. 'पगार' हा शब्द त्याच्या भाषेत 'पैसे देणे' असं क्रियापद आहे हे कळल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे तुमच्यात तो नुसता शब्द राहिला, काम गेलं." रुवीत एका सिरियन दुकानदाराकडे त्याला माते नावाचा त्याच्या गावाकडचा कडू पाला मिळाला. तो पाला भोपळ्याच्या पेल्यात भरून, गरम पाणी ओतून, धातूच्या नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचा. मला ते कधी जमलं नाही. औषधासारखं लागे.

इक्बालभाई त्याला नळामुळे भेटले. ते मूळचे राजापूरकडचे. रुवीत त्यांचं नळ, बिजागऱ्या, रंग असलं सामान विकायचं दुकान आहे. कोच वायसर आणायला गेला होता. इक्बालभाई पाठमोरे उभे होते. वरच्या फळीवरून रंगाचा डबा सुटला, आणि त्यांनी मागे न बघता तो हातात घेतला.

"हाऊ यू नो?" कोचने विचारलं.

"आवाज आया ना," इक्बालभाई म्हणाले.

"गोलकीपर," कोच म्हणाला, आणि वायसर विसरून निघून आला. मग परत गेला.

रत्नागिरी-राजापूरकडची दुकानदार आणि कामगार मंडळी गुरुवारी हॉल भाड्याने घेऊन खेळत असत. कोच त्यांचा कोच झाला, आणि भाषेची अडचण पडायला नको म्हणून मला नेऊ लागला. पहिल्याच सरावात प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन अंगावर येत असताना तो बाहेरून ओरडला, "कल्मा! कल्मा!" आणि तळवा खाली करून हवा दाबली, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण धरावं तशी. आमची मागची माणसं जागीच थांबली. कुणाला काय झालं म्हणून इकडेतिकडे बघू लागली. इक्बालभाईंनी गोलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटून खरोखरच कलमा म्हटला. तेवढ्यात चेंडू त्यांच्या पायांतून आत गेला.

"प्रोफेसोर, हा गोलकीपर ओठ का हलवतोय?"

मी सांगितलं. कोच मैदानात गेला आणि इक्बालभाईंच्या पुढे मान खाली घालून म्हणाला, "सॉरी, भाई. माय वर्ड, स्मॉल वर्ड." सगळे हसले, पण इक्बालभाई हसले नाहीत. मला म्हणाले, "त्यांना सांगा सर, गुनाह काय नाय झाला. चांगलाच शब्द आला तोंडात."

त्या दिवसापासून त्यांचं जमलं. त्याची शिकवायची रीत निराळी होती. तो इक्बालभाईंच्या डोळ्यांना कापड बांधी आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती पळायला लावी. बुटांच्या आवाजावरून कोण कुठे आहे, कुणाचा पाय चेंडूवर आहे, हे ओळखायचं. सुरुवातीला टवाळी झाली. "इक्बालभाई, आता आंधळी कोशिंबीर, पुढच्या टायमाला लपाछपी!" काही दिवसांनी इक्बालभाई नुसत्या पावलांवरून नावं सांगू लागले. "हा मुनाफ. लंगडतोय आज." आणि मुनाफ लंगडत असे. "छपराखाली डोळे फसवतात," कोच म्हणायचा. "कान फसवत नाहीत."

तो धर्माविषयी बोलत नसे. रमजानमध्ये सरावाच्या वेळी तोही पाण्याला हात लावत नसे, आणि इफ्तारीला पहिला खजूर उचलत असे. नाताळात खिडकीत एक मेणबत्ती लावी. कृष्णाष्टमीला आमच्या देवळात माझ्याबरोबर रांगेत उभा राहून प्रसाद घेई आणि पुढे ढकलणाऱ्या बायकांना पाहून म्हणे, "सगळ्या फॉरवर्ड." इक्बालभाईंची आई गावी वारली तेव्हा त्यांना वेळेत पोहोचता आलं नाही. कोच दिवसभर त्यांच्या बंद दुकानात त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून होता. इक्बालभाईंनी त्याला सांगितलं, की आईच्या कानाशी कुणीतरी कलमा म्हटला असेल, एवढं एकच समाधान आहे. त्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

हे मी का सांगतोय ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला दोन्ही शब्द ठाऊक होते.

शेवटचं वर्ष त्याला जड गेलं. अकादमीचा करार संपत आला होता. बहीण गावाहून घरी ये म्हणत होती. "तिथे जाऊन काय करू?" तो मला विचारी. "तिथे गल्लीगल्लीत कोच आहेत. इथे मी निदान ब्राझीलचा आहे. तिथे कुणाचा?" जिन्यातली हाक बंद झाली. सरावात मात्र तो तसाच होता. उलट जास्त बोले, हात जास्त हलवी, आणि मधेच छातीशी हात नेऊन ठेवी. आम्ही तो सवयीचा भाग समजलो.

तर त्या शुक्रवारी इक्बालभाई माझ्यासमोर बसले होते, आणि मला त्याच्या बहिणीला फोन करायचा होता. देह तिकडे न्यायचा की इथेच ठेवायचा ते विचारून सांगा, असा अकादमीतून निरोप होता. मरणाची बातमी मी तिला आदल्या दिवशीच दिली होती. इक्बालभाई उठू लागले. मी त्यांना थांबवलं.

"बसा. त्या विचारतील. मी तर ऐकलं नाही."

"मी काय बोलू त्यांच्याशी? मना त्यांची भाषा येते काय?"

"तुम्ही ऐकलं तेवढंच बोला."

आमची दुपार होती, तिची सकाळ. ती शाळेत स्वयंपाकीण आहे. मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो कुणीतरी थांबवला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. ती म्हणाली, न्यायला आमच्यात कुणी नाही आणि त्याने यायचं कधी ठरवलंही नाही, त्याला तिथेच ठेवा. आणि मग तिने विचारलं, "शेवटी काही म्हणाला का?"

मी पोर्तुगीजमध्ये म्हणालो, की ज्याने ऐकलं तो माणूस इथे आहे. फोन इक्बालभाईंच्या पुढे सरकवला. ते घाबरले. कपाळावरचा घाम पुसला. मग फोनजवळ तोंड नेऊन, एकेक अक्षर जपून, म्हणाले, "कलमा."

मग तिने तो शब्द उच्चारला. परत एकदा, खालच्या आवाजात. आणि रडत, मधेच हसत, भराभर बोलू लागली. मी इक्बालभाईंना सांगत गेलो. त्यांच्या वडिलांकडे एक घोडी होती, विजा कडाडल्या की उधळणारी. वडील तिच्या मानेवर तळवा दाबून हाच शब्द म्हणत. तळव्याखाली ती थरथरायची थांबेपर्यंत म्हणत राहत. दोन्ही भावंडं कुंपणावर बसून बघत असत. पुढे भाऊ बहिणीला परीक्षेच्या वेळी तोच शब्द म्हणे, लग्नाच्या दिवशी म्हणाला, फोन ठेवताना दर वेळी म्हणे.

"घोडीला?" इक्बालभाई म्हणाले.

"हो."

ते हसले असं मला वाटलं. मग म्हणाले, "सर, त्यांना परत बोलायला सांगा. एकदाच."

मी सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही. इक्बालभाईंनी डोळे मिटले. तिने शब्द उच्चारला. ब्राझीलचे बहुतेक लोक या शब्दातला 'ल' गिळतात, 'काउमा' म्हणतात. त्या दक्षिणेकडच्या टोकाला मात्र 'ल' शाबूत आहे. जिभेवर रेंगाळतो, जाड होतो, आणि मग शेवटचा 'मा' अलगद खाली बसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. इक्बालभाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. "हाच," ते म्हणाले. "असाच लांबवलेला. मी आयकला तो हाच, सर."

मी म्हणालो, "इक्बालभाई, खात्रीने सांगता येणार नाही. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला-मला..."

"नाय, सर." त्यांनी मला हात करून थांबवलं. "कान त्यांनीच तयार केला माझा. आता तो सांगतोय ता मी नाय कसा म्हणू?" थोड्या वेळाने म्हणाले, "माझी फार इच्छा होती. म्हणून मी माझ्याकडचा शब्द आयकला."

फोन चालूच होता. ती वाट बघत होती.

"त्यांचा हात माझ्या हातात होता बोललो ना मी," इक्बालभाई म्हणाले. "खरा तर थरथरत होता माझा हात. ते मनाच सांगत होते." आणि माझ्याकडे न बघता, "ह्या त्यांना सांगा, बहिणीला. बाकीचा नको."

मी तेवढंच सांगितलं.

त्याला इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवलं. गोव्याचे एक पाद्री होते. प्रार्थना इंग्रजीतून झाली. सगळा संघ आला होता, दुकानं बंद ठेवून. पेटी खाली सोडताना पुढच्या दोरीला इक्बालभाई होते. माती देऊन झाल्यावर ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तिथे काही म्हटलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गुरुवारचा हॉल आता दुसऱ्या संघाने घेतला आहे. वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहतं. इक्बालभाई खेळत नाहीत. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी कोचची बहीण फोन करते. ते माझ्याकडे येतात, ती त्यांना पावसाचं आणि गाईंचं सांगते, ते तिला दुकानाचं आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मी मध्ये बसून भाषांतर करतो.